पाव सोडा

'भट्टी उद्यापासून बंद' एवढं लिहून झालं, पण पाटी दाराला ठोकायला बेकरीवाल्याचा हात उचलेना. भट्टी वडिलांनी बांधलेली होती.

"अजून एकदा विचार करा," बायको म्हणाली.

"काय विचार करायचा? जे मला वर्ज्य, ते लोकांना कुठल्या तोंडाने विकू?"

तीन महिने त्याने पावाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. पोट सारखं फुगायचं, म्हणून तो वैद्यबाईंकडे गेला होता. त्यांनी नाडी पाहिली आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहून दिली: 'जेवताना पाव सोडा.' त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. का, कशाला, काही न विचारता तो मान खाली घालून घरी आला. पावाशिवाय जेवण गोड लागेना, चार घास खाऊन ताटावरून उठायचा. आणि पोट चक्क बरं झालं. मग तर त्याची खात्रीच पटली. इतकी वर्षं आपण अख्ख्या गल्लीच्या पोटावर उठलो होतो, या विचाराने तो मनातून पार खचला.

हातोडी उचलली तेवढ्यात दारात खुद्द वैद्यबाई उभ्या.

"सहा पाव द्या. रोज सूनबाई नेते, आज ती माहेरी गेलीय."

"तुम्ही पाव खाता?"

"न खायला काय झालं? नीट भाजून घेतला की पचायला हलका."

त्याने खिशातली चुरगळलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. वैद्यबाईंनी ती वाचली, मग त्याच्या हातातली पाटी वाचली, आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, अर्धं पोट अन्नाचं, पाव पोट पाण्याचं आणि उरलेलं पाव मोकळं सोडायचं. पोटातला पाव भाग सोडा म्हटलं मी, भट्टीतला पाव नाही."

तो मैद्याच्या पोत्यावर मटकन बसला. छातीवरचं ओझं उतरलं आणि डोळे भरून आले. मग उठून त्याने ती पाटी सरळ भट्टीत सारली.

वैद्यबाई गेल्यावर बायकोने एक पाव खरपूस भाजून समोर ठेवला. त्याने त्याचे सारखे चार तुकडे केले. तीन डोळे मिटून, चवीने खाल्ले. चौथा तिच्याकडे सरकवला.

"का? आवडला नाही?"

"आवडला ना," तो म्हणाला. "पाव सोडला."