निळ्या दोऱ्याचं बटण

बटण कुणीतरी शिवलं होतं. पांढऱ्या शर्टाला, निळ्या दोऱ्याने. इंद्रायणीने नव्हे.

"हे कुणी लावलं?" चहा गाळता गाळता तिने विचारलं.

श्यामकांतने खाली पाहिलं. "धोब्याने लावलं असेल."

"की त्या झिरकपूरवालीने?"

"इंदू, तिचं-माझं कधीच संपलंय. किती वेळा सांगू? शपथ!"

धोबी बटणं तोडतात, लावत नाहीत. तिने कप त्याच्यापुढे ठेवला. माणसांच्या वागण्याचा अभ्यास हा तिचा धंदाच होता. चंडीगडमधले संशयी जीव तिच्या क्लिनिकमध्ये येऊन रडत आणि ती सगळ्यांना एकच सांगे, माणूस काय बोलतो ते सोडा, काय करतो ते पाहा. चंडीमंदिरच्या छावणीत लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकांपुढे व्याख्यानात तर तिने टाळ्या घेतल्या होत्या. "मत्सर हा प्रेमाचा आजार नाही, मालकीचा आहे. ज्यावर आपला हक्क नाही, त्यासाठी कुणी जळत नाही."

आता ती स्वतःच जळत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"मीटिंग आहे. जेवायला थांबू नकोस," म्हणत श्यामकांतने गाडीची किल्ली उचलली.

तिने आपली गाडी त्याच्या मागे काढली. झिरकपूरच्या जॅममध्ये पाठलाग करायला अक्कल लागत नाही. पुढची गाडी पळून पळून जाणार कुठे? एका सोसायटीत तो थांबला. काळी साडी नेसलेली एक बाई खाली आली. त्याच्या डिकीतून तिने खोकं उतरवून घेतलं आणि जाता जाता त्याची कॉलर नीट केली. रोजच करत असावी तशी. तो निघून गेला.

इंद्रायणीने गाडी लावली आणि ती त्या बाईच्या मागे जिना चढली. आज सोक्षमोक्ष लावायचाच. त्या बाईच्या तोंडावर सांगायचं, त्याला सोडा. पाच वर्षं वाट पाहिली, आता बास.

पण वर दार उघडंच होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत मराठी बायकांचा गलका.

"या ना, अशा बाहेर का उभ्या?" तीच बाई पुढे आली. "मी मंजुषा. तुम्ही मंडळात नवीन का? बरं झालं आलात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जितक्या बायका तितकी मजा!"

नाही म्हणायच्या आत इंद्रायणीच्या कपाळावर कुंकू लागलं. हातावर तिळगूळ आला, पाठोपाठ वाणाची स्टीलची वाटी. खोक्यात वाट्या होत्या तर!

मंजुषाची नजर तिच्या गळ्याकडे गेली. "मंगळसूत्र नाही घालत? नका घालू, आजकाल कोण घालतं म्हणा! या, इथे हीटरजवळ बसा. हात किती गार पडलेत तुमचे."

बाई देखणी असती तर इंद्रायणीला सोपं गेलं असतं. ही नुसतीच प्रेमळ होती. तिच्या काळ्या साडीला निळे काठ होते. फॉल लावून उरलेला दोरा कुठे गेला, हे ओळखायला मानसशास्त्र लागत नाही.

"मंजुषा, नाव घे!" बायकांनी गिल्ला केला.

मंजुषा लाजली. इतक्या वर्षांनीही लाजली, याचा इंद्रायणीला सगळ्यात जास्त राग आला.

"चंडीगडच्या थंडीत गाजरहलवा गरम,
श्यामकांतरावांचा स्वभाव लोण्याहून नरम!"

टाळ्या पडल्या. इंद्रायणीने मुठीतली वाटी घट्ट धरली.

"आता तुमची पाळी," मंजुषा तिच्याकडे वळली. "अहो, लाजता काय? मिस्टरांचं नाव काय तुमच्या?"

सगळ्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या.

"माझं लग्न झालेलं नाही," इंद्रायणी म्हणाली.