उत्तरासाठी थांबणं

इंग्रजीचे प्रोफेसर उद्या सांगलीच्या कॉलेजात द्यायचं व्याख्यान बायकोला, चंद्राबाईला, समजावून सांगत होते. "कादंबरीतला हा दुष्ट सरदार कैदेतल्या मुलीला ‘जाऊ नकोस’ म्हणतच नाही. बाहेर वादळ आहे, रानात लांडगे आहेत, तुझ्यावाचून माझं कसं व्हायचं, असं विचारतो. पण उत्तरासाठी थांबत नाही. खरी मेख तिथंच!" तांदूळ निवडणाऱ्या चंद्राबाईचा हात सुपातच राहिला. "आवं, माझा भाऊ पाच वर्सांनी लढाईवरनं साताऱ्याला आलाय. काल मी जाते म्हटलं, तवा तुमी बी ह्येच बोललासा. गाडीला गर्दी, वाटंत चोर, तुझ्याबिगर माझं कसं व्हायचं." प्रोफेसर उठले. त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्यापुढं ठेवली. "कधी येशील?" एवढंच विचारून ते थांबले. ती हसली. "आता खरं इचारलंसा. आठ दिसांत येते की."