बारवेच्या पायऱ्या

संगणक कक्षातल्या फळ्यावर मॅडमनी तीन प्रश्न लिहिले होते: कोणी लिहिलं? कधी लिहिलं? त्यांना कसं कळलं? या प्रश्नांवरून सातवीची मुलं वेबसाइटना गुण देत होती.

आज पडद्यावर त्यांच्याच गावातल्या बारवेची माहिती होती. मोठा फोटो, खाली कुठल्याशा पर्यटन संस्थेचं नाव आणि ठळक अक्षरांत एक वाक्य: ‘या प्राचीन बारवेला सत्त्याण्णव पायऱ्या आहेत.’

“आपल्या वर्गाच्या ब्लॉगवरही सत्त्याण्णवच आहेत!” पहिल्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. “म्हणजे आपलं बरोबर आलं. यांना दहापैकी दहा!”

टाळ्या पडल्या. ब्लॉगवर बारवेचा लेख लिहिणारी प्रणाली मात्र उठून पडद्याजवळ गेली. तिने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“मॅडम, ही निळी चप्पल माझी आहे.”

मॅडमनी तारीख पाहिली. प्रणालीचा लेख आल्यावर दोन महिन्यांनी हे पान आलं होतं.

“म्हणजे त्यांना आपल्याकडून कळलं,” त्या हसल्या. “आणि तुला गं? तुला कसं कळलं?”

प्रणालीने फळ्यावरच्या तिसऱ्या प्रश्नाकडे पाहिलं.

“पाण्यावरच्या एक्केचाळीस मोजल्या होत्या. पाण्याखालच्या अंदाजाने धरल्या.” मग तिचा चेहरा एकदम उजळला. “पण मॅडम, आता पाणी तळाला गेलंय!”

मॅडम ‘चला’ म्हणायच्या आतच दाराबाहेर सगळ्यांची चपला शोधायची घाई उडाली.