सरांचा ऑसिलोस्कोप

लॅबसाठी विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा नवा डिजिटल ऑसिलोस्कोप निवडायचा होता, पण सरांच्या पसंतीला एकही उतरेना. यंत्र नव्हे, घरात जावईच आणायचा होता जणू. एकाचा पडदा लहान, दुसरा मंद, तिसऱ्याचे नॉब म्हणे हाताशी बोलत नाहीत. शेवटी एक जमला. विक्रेत्याने तो टेबलावर मांडला आणि नवीन लागलेल्या इंजिनिअर मुलीने हौसेने 'ऑटो'चं बटण दाबलं. पडद्यावर सैरावैरा नाचणारी लहर एका क्षणात शहाण्यासारखी स्थिर उभी राहिली.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, ही आळशांची कुबडी आहे. सिग्नल एकेक नॉब फिरवून हाताने पकडायचा असतो. मी उभ्या जन्मात ऑटोला बोट लावलेलं नाही."

विक्रेत्यादेखत तिची मान खाली गेली. नवा ऑसिलोस्कोप सरांच्या केबिनमध्ये गेला. दार लावून सर एकटेच त्यावर काम करत, आणि ती बाहेर जुन्या डबड्याचे नॉब पिळत बसे. लहर काही केल्या थांबत नसे. आपण या धंद्यात पडायलाच नको होतं, असं तिला रोज वाटे.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी मोठ्या मनाने ते यंत्र तिच्या हवाली केलं. तिने बिचकतच त्यावरचं कव्हर काढलं.

 

नॉब सगळे कोरे करकरीत होते. झिजून गुळगुळीत झालं होतं ते एकच बटण, ऑटोचं.