सासऱ्यापुढचा घुंगट

पुतळ्यावरचं कापड खाली आलं, तरी बिजलीबाईनं घुंगट ओढला नाही.

अख्खा तांडा तिच्याकडंच बघत होता. जंगल तोडून नेरजवळ हा तांडा वसवणारा, पुढं गावचा पहिला सरपंच झालेला धरमसिंग नाईक दिसायचा कसा, हे सांगणारी ती एकटीच उरली होती. त्याचा फोटो कुठंच नव्हता. ती त्याची सून, वय नव्वदीपार. सासऱ्यापुढं ती कधी उघड्या तोंडानं गेली नव्हती. म्हातारीनं घुंगट ओढला, की पुतळ्यावर शिक्कामोर्तब. तिचा नातू इंद्रजीत यंदा जिल्हा परिषदेला उभा होता. नाईकाचा पणतू, एवढं एकच भांडवल बिचाऱ्याकडं होतं.

पुतळा घडवला लोहारा गावच्या कारागिरानं, इंद्रजीतलाच समोर बसवून. पणतूचा चेहरा काही आभाळातून पडत नाही, असा सगळ्यांचा हिशेब. फक्त भुवईवर एक चीर उमटली. इंद्रजीतला तशी खूण नव्हती. कारागिरानं ती तीनदा लिंपली, तीनदा ती तिथंच उमटली. चौथ्यांदा तो हात लावायला तयार होईना. सिमेंट आहे, तडकायचंच, असं इंद्रजीतनं स्वतःला समजावलं होतं.

भर दुपारचं ऊन होतं. वाजंत्री थांबली. इंद्रजीत दादीच्या कानाशी वाकला.

"दादी, घुंगट घे ना. लोकं पाहून राह्यले. तुहा सासरा होय."

म्हातारी पुढं सरकली. डोक्यावरची ओढणीसुद्धा तिनं खांद्यावर घसरू दिली. पुतळ्याच्या भुवईवरून तिनं बोट फिरवलं आणि नव्या नवरीसारखी हसली. त्याच क्षणी इंद्रजीतच्या भुवईवरून काहीतरी गार सरकलं.

"हा सासरा नाही, बाबू. हा देवराव कोलाम. ही जमीन याची होती. तुह्या नाईकानं याले कुऱ्हाडीनं मारला, अन् इथंच गाडला."

माईक चालूच होता. समोरची माणसं हळूहळू मागं सरकू लागली. नाव गेलं, निवडणूक गेली, आता पायाखालची जमीनही आपली नाही, हे इंद्रजीतला एकदमच कळलं आणि तोही मागं सरकला.

बिजलीबाईनं त्याच्या गालावर हात ठेवला.

"भिऊन काहून राह्यला? जमीन तुहीच हाय. याले गाडला, तवा याचं लेकरू माह्या पोटात होतं. तोच तुहा बाप."