विमान आणि बांगड्या

एकाहत्तरच्या लढाईत पाच जणांसकट एक विमान गायब झालं. त्यात पोखर्णीचा भुजंग होता. सरकारनं कळवलं, "बेपत्ता." गावानं मात्र पत्र आलं त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या, इंदूच्या, बांगड्या फोडल्या. गावाला असल्या कामाची लय घाई.

अठरा वर्षांनी भुजंगच्या लेकीचं लग्न निघालं. कासार मांडवात बसून बायकांना हिरव्या बांगड्या भरत होता. इंदू लांब उभी राहून बघत होती. तिची सासू कस्तुराबाई उठली आणि तिनं इंदूला हाताला धरून कासारापुढं बसवलं.

"हिला भर."

कासार चाचरला. "मावशी, लोक काय म्हणतील?"

"सरकारला अजून विमान सापडंना. मग माझा भुजंग मेला, हे लोकायला कसं कळलं?"

कासारानं इंदूच्या हातात बांगड्या भरल्या. इंदू हात हलवून किणकिण ऐकत राहिली. नवरी हसत तिच्या गळ्यात पडली.

कासार पेटी आवरू लागला, तेव्हा कस्तुराबाईनं स्वतःचा सुरकुतलेला हात पुढं केला.

"आता मला भर. माझा नवरा तर माझ्या डोळ्यासमोर मेला. तरी भर."