पुढच्या खोलीतला मैलार

दयानंदसाहेबांनी बूट दाराबाहेर काढले, तेव्हाच विश्वासरावांना वाटलं, निम्मं काम झालं. महापालिकेचा माणूस बूट घालून आत आला तर ते घर; अनवाणी आला की देऊळ.

खोलीत धूप दाटला होता. खिडकीबाहेर बुचाची फुलं गरगरत रस्त्यावर उतरत होती. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकावर भंडारा उधळलेला. खंडोबा म्हणा की मैलारलिंग, देव एकच.

"मी चिक्कोडीचा. आमच्या घरातही हाच," दयानंद म्हणाले. "पण कर माफ करायचा तर विचारायला पाहिजे. तुमचं घर देवाचं झालं कसं?"

विश्वासरावांनी महिनाभर सगळ्या जयनगरला सांगितलेलं स्वप्न पुन्हा सांगितलं. घरभर हळद तरंगतेय. अंगणात पांढरा घोडा, पण टापांचा आवाज नाही. देव उतरतो, पुढच्या खोलीत येतो, स्मिताच्या खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, 'आता मी इथेच राहतो.' सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा, की ऐकणाऱ्याचेही डोळे जड व्हावेत.

खुर्ची अजून तिथेच होती. त्यांची बायको स्मिता जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या आजारपणापासून घराचा कर थकला तो थकलाच, पेन्शनला तो पेलवेना. मुलगा निहार सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमधून येऊन दर रविवारी एकच टुमणं लावायचा, की घर विका. विकलं असतं तर बिल्डरने सगळ्यात आधी हीच खोली पाडली असती. तो विचारही करवत नव्हता.

देव आला आणि विकण्याची भाषा थांबली. मग निहारने दुसरा वाद काढला.

"देवळापुढचा दिवा महापालिका लावते, निर्माल्य महापालिका उचलते. मग देवाने टॅक्स का नाही भरायचा?"

"ज्याचं सगळं जग, त्याच्याकडे जागेचे पैसे मागायचे? लाज वाटायला हवी!"

"सूट देव मागत नाहीये, बाबा. तुम्ही मागताय."

यावर विश्वासरावांनी जोरात घंटा वाजवली होती.

गल्लीला मात्र वादबीद काही नव्हता. गल्लीला देव हवाच होता. दूधवाल्याला विश्वासराव पहाटे नेहमी आंघोळ करून दारात उभे दिसायचे, तो आता त्यांच्या पाया पडायचा. त्यांच्या खिडकीतला दिवा तर स्मिता गेल्यापासून एकाही रात्री विझला नव्हता. लोक आता त्याला नंदादीप म्हणू लागले होते.

विश्वासरावांची एकच तक्रार होती, आणि ती ते कुणालाही सांगत. स्मिता एकदाही स्वप्नात आली नव्हती. पन्नास माणसांच्या गर्दीतही ते हे बोलून दाखवत.

"स्वप्न ऐकलं," दयानंद म्हणाले. "पण एकट्याच्या स्वप्नावर सही कशी करू, सर? वरचे मला वेड्यात काढतील. गल्लीत आणखी कुणाला दृष्टांत झालाय?"

दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या अंबुबाईने टोपली खाली ठेवली.

"मला झालाय, अण्णा. आज पहाटेच."

विश्वासरावांना भरून आलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. त्यांनी तिला हाताने पुढे बोलावलं.

"सांगा अंबुबाई. साहेबांना सगळं सांगा, काही हातचं राखू नका."

"हळदच हळद उडत होती. पांढरा घोडा होता. तुम्ही सांगता अगदी तस्संच." सगळ्यांनी हात जोडले. दयानंदांनी पेनाचं टोपण काढलं.

"देव काही बोलला?"

"बोलला की. मी स्वल्प घाबरलेच." अंबुबाईने विश्वासरावांकडे मायेने पाहिलं. "म्हणाला, विश्वासच्या स्वप्नात जायचं कधीपासून मनात आहे, पण त्याचा डोळाच लागत नाही. दोन वर्षं झाली, त्याची बायको रोज माझ्याबरोबर येते, खिडकीतला दिवा बघते आणि दारातूनच परत फिरते."